दुसऱ्याच गाडीचं इंजिन

आमच्या घरमालकीणबाई जेवायला बसत नसत. कडक भाकरीवर शेंगाचटणी घालून ती हातात धरायच्या आणि अंगणात फेऱ्या मारत खायच्या. ताट लागत नाही, घासावं लागत नाही, असं त्या सांगत. पण खरी गोष्ट अशी की त्यांना बसवतच नसे. वर्तमानपत्र उभ्यानं, चहा उभ्यानं, आणि माझ्याशी बोलणं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक पाय ठेवून, जणू दुसऱ्या क्षणी कुठंतरी निघायचंच आहे.

सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली आणि विजापूर रोडला आत एका गल्लीत त्यांची वरची खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन नियम सांगितले.

"नळ आला की टाकी भरायची. फाटकासमोर स्कूटी लावायची नाही, एक मिनिट पण नाही. आणि मला काकू म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"बाई. सगळे म्हणतात की."

खरंच म्हणत. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. औषधांच्या दुकानात, बँकेत, भाजीच्या गाड्यावर, कुठंही गेलं तरी कुणीतरी पदर सावरून उठायची आणि म्हणायची, "बाई, ओळखलंत का?" त्या ओळखायच्या, पण नावानं नाही. "तू भिंगाचं सूत्र उलटं लिहिणारी," असं म्हणायच्या. ती उठलेली चाळिशीची असली तरी लाजायची.

शाळेत त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. "उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? पायऱ्या दाखव." पायऱ्या न लिहिता बरोबर उत्तर लिहिणारीला त्या शून्य द्यायच्या आणि पायऱ्या लिहून चुकणारीला निम्मे गुण. पालक भांडायला आले तर उभ्याउभ्याच ऐकून घ्यायच्या आणि शून्य तसंच ठेवायच्या.

अशा या बाईंनी निवृत्तीनंतर गाडी घेतली. आणि गाडी कसली, तर शर्यतीच्या शौकिनांनी घ्यावी तशी. दिसायला साधीच, गडद निळी, चार दारांची. पण टर्बो, म्हणजे जादा जोराच्या, इंजिनाची. कंपनीनं हे मॉडेल थोडीच वर्षं काढलं आणि मग बंद केलं. बाईंनी ती जुन्यातली घेतली होती, मोडनिंबच्या एका माणसाकडून. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईंची फसगत झाली, त्यांना छोटी, गियर नसलेली गाडी घ्यायची असणार. पण बाईंना हीच हवी होती. सहा महिने शोधत होत्या म्हणे.

ती गाडी नेहमी तोंड फाटकाकडं करून उभी असायची. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायच्या नाहीत. फाटकाची कडी रोज तेलानं पुसायच्या. मला वाटायचं, शिस्त असेल.

सुट्टीच्या दिवशी त्या मला हाक मारायच्या, "चल गं, वारं खाऊन येऊ." वारं खाणं म्हणजे पुणे रोडनं मोडनिंबपर्यंत जायचं, गाडी वळवायची आणि परत यायचं. कुठं उतरायचं नाही, काही खायचं नाही. मी एकदा विचारलं, "बाई, कुठं तरी जायचं असेल तर जाऊ या ना. तुळजापूर, नाहीतर अक्कलकोट." त्या म्हणाल्या, "जायचं कुठंच नाही. किती वेळ लागतो ते बघायचंय." मनगटावरच्या घड्याळात बघायच्या आणि मान हलवायच्या. समाधान मात्र कधी दिसलं नाही.

बाई मूळच्या शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या. वडिलांना त्या नान्ना म्हणायच्या. घरात चार माग होते आणि मागांच्या मधल्या जागेत त्या झोपायच्या, अभ्यास करायच्या. "धागा तुटायच्या आधी माग वेगळा वाजतो," त्या सांगायच्या. "नान्नांच्या आधी मला कळायचं. मी पुस्तकातनं डोकं वर न काढता सांगायची, तिसरा बंद करा." ही बढाई नव्हती. आमच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग जाणार हे त्यांनी तीन दिवस आधी सांगितलं होतं, आणि ते गेलं.

त्याच कानानं पुढचं सगळं घडवलं.

एकदा आम्ही दोघी गाडी घेऊन सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो होतो. शेजारी तश्शीच गाडी येऊन थांबली, फक्त पांढरी. बाईंनी काच खाली केली. सिग्नल सुटला, पांढरी गाडी होटगी रोडला वळली. आम्हाला जायचं होतं सरळ. बाई वळल्या.

"बाई, कुठं?"

"गप बस. ऐकू दे."

त्या गाडीमागं आम्ही थेट तिच्या मालकाच्या दारात. तो पंचविशीतला मुलगा घाबरून उतरला, त्याला वाटलं आपण कुणाला तरी घासलं. बाई म्हणाल्या, "बाळा, गाडी बंद करू नको. बॉनेट उघड." त्यानं उघडलं. बाईंनी डोळे मिटून कान पुढं केला. मग आपलं बॉनेट उघडलं, तिथं कान लावला. पुन्हा त्याच्या गाडीशी. पुन्हा आपल्या. असं सहा-सात वेळा. मुलाची आई बाहेर येऊन बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "अगंबाई! बाई!" तीही विद्यार्थिनीच निघाली. तिनं चहाचा आग्रह केला, पण बाईंचं लक्ष नव्हतं.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "ह्या गाडीचं काहीतरी ह्या गाडीचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता त्यांच्याबरोबर मौलाभाईंच्या गॅरेजला गेले, कारण त्या रात्रभर अंगणात चालत होत्या आणि मलाच त्यांची काळजी वाटायला लागली होती. मौलाभाई म्हणजे शहरातले जुने मिस्त्री. त्यांची मुलगी बाईंच्या हाताखाली शिकली होती, त्यामुळं बाईंसमोर ते विडी विझवायचे. त्यांनी इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, एक-दोन पाइप सोडवले, टॉर्च घेऊन आत वाकले.

"क्या है, मौलाभाई?" बाईंनी विचारलं.

"बाई, इधर देखो."

इंजिनाच्या अंगावर, खाली, जिथं सहसा नजर जात नाही तिथं, पिवळ्या ऑइल पेंटनं एक आकडा लिहिला होता. भंगारवाले लिहितात तसा. मौलाभाईंनी चिंधीनं शेजारचा लोखंडाचा भाग पुसला, कोरलेला इंजिन नंबर वाचून दाखवला आणि म्हणाले, "बुक निकालो." बाईंनी आरसी काढली. पहिली अक्षरंसुद्धा जुळत नव्हती.

"ये साध्या मॉडल का इंजन है. टर्बो पुराने इंजन का है, वो निकाल के इसपे बिठाया. काम अच्छा किया, झूट नै बोलता. पर ये इंजन इत्ता जोर सहने का नै. आप कित्ते पे भगाते?"

बाईंनी आकडा सांगितला. मौलाभाईंनी कानाला हात लावला. "अल्ला ने बचाया, बाई. किसी दिन रस्ते में फुटता."

बाई गॅरेजच्या दारापासून रस्त्यापर्यंत आणि परत अशा चालत राहिल्या. मौलाभाईंनी स्टूल पुढं केलं, तरी चालतच होत्या. मी म्हटलं, "बाई, आता लगेच काही होत नाहीये ना. बघू." त्या थांबून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रस्त्यात फुटता म्हणाला तो. मधेच. ऐकलंस ना?" त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी आधी पाहिला नव्हता. फसवलं गेल्याचा राग मी समजू शकत होते. पण ही भीती होती, आणि ती मला कळत नव्हती.

त्यानंतरचे चार दिवस वाईट गेले. गाडी गॅरेजला. बाई रिकाम्या अंगणात फेऱ्या घालायच्या, फाटक उघडायच्या, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघायच्या, परत लावायच्या. मी कामाला निघताना आणि परत आल्यावर विचारायच्या, "तुझ्या स्कूटीत पेट्रोल आहे ना?" दिवसातून दोनदा. पोलिसांत जाते म्हणाल्या, वकिलाकडं जाते म्हणाल्या. शेवटी रविवारी सकाळी म्हणाल्या, "चल. आधी त्याला विचारू. पायऱ्या दाखव म्हणू."

आम्ही एसटीनं मोडनिंबला गेलो. बाई सबंध रस्ता दांड्याला धरून उभ्या होत्या, जागा असून.

गाडी विकणाऱ्याचं नाव दत्ता. हायवेला ठिबकच्या पाइपांचं दुकान आणि मागं घर. चाळिशीचा, तब्येतीनं दणकट, पण बाईंना बघितल्यावर हातातला पाइप त्यानं खाली ठेवला आणि परत उचलला.

"या की बाई. गाडी काय म्हंती?"

"गाडी म्हणते, मी दुसऱ्याचीच आहे."

तो हसला, मग हसू थांबलं. बाईंनी विचारलं, "इंजिन कधी बदललं?"

"इंजिन? न्हाय वो बाई. वरिजनल हाय. काय तर गैरसमज झाला आसंल."

"मी घेताना विचारलं होतं, मोठं काही काम झालंय का. तुम्ही म्हणालात, ऑइल सोडून कशाला हात लावला नाही."

"व्हय, मग तसंच हाय की."

"नंबर जुळत नाही. हे इंजिन चोरीचं असलं तर तुम्ही आत जाल आणि तुमच्याबरोबर मी. माझं नाव आहे बुकावर."

'चोरीचं' हा शब्द आतपर्यंत गेला असावा. दत्ताची बायको पडदा सारून बाहेर आली. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चोरीचं न्हाय बाई. पावती हाय. थांबा, आनते." आणि तिनं आणली ती एक प्लॅस्टिकची पिशवी, दवाखान्याची असते तशी. आत एक्स-रेचं पाकीट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्यात घडी घातलेली भंगारवाल्याची पावती. अपघातात मोडलेल्या गाडीचं इंजिन, तिचा नंबर, सही, सगळं होतं.

बाईंनी पावती वाचली. मग पिशवीतले बाकीचे कागदही वाचायला लागल्या, पेपर तपासावेत तसे, एकामागून एक. दत्ता म्हणाला, "ते आमच्या आन्नाचं हाय, दवाखान्याचं." बाईंनी मान वर केली नाही.

"डिस्चार्ज बुधवारचा. पावती शुक्रवारची," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात कधी नेलं होतं?"

तेवढ्यात आतनं आवाज आला, "अरं सांग की त्यास्नी. आता काय लपवाचं?"

आतल्या खोलीत पलंगावर दत्ताचे वडील, आण्णा, बसले होते. हाडकुळे, डोक्याला टॉवेल, आवाज मात्र खणखणीत. त्यांनीच सांगितलं. छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्सची वाट न बघता पोरानं गाडीत घातलं आणि सोलापूरला निघाला. मोहोळच्या पुढं गाडीतनं वाफ यायला लागली. पाण्याचा पाइप फुटला होता. काटा लाल रेघेवर गेला. इंजिन बंद करायचं तर वडील मागच्या सीटवर निळे पडत चाललेले. दत्तानं गाडी थांबवली नाही.

"चिंचोळीच्या फाट्यापातूर आलं," दत्ता आता खाली बघत म्हणाला. "मग आतनं असा आवाज आला बाई, जनू कुनी लोकंड फाडतंय. आन जाम. यमआयडीसीतनं टावेलाचा टेम्पो येत हुता, त्यात टाकलं आन्नास्नी. डाक्टर म्हनलं, धा मिन्टं उशीर झाला असता तर न्हाय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"इंजिन जळलेली गाडी कोन घेतंय? आन मला ती दारात नको हुती. सुरू केली की त्यो आवाज कानात यायचा."

मला वाटलं, आता बाई भडकणार. दत्तालाही वाटलं असावं, तो खांदे आवळून उभा होता. पण बाई पलंगाजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते तिथं. बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिल्या. मग दत्ताला म्हणाल्या, "शून्यच देणार होते. निम्मे देते." त्याला काही कळलं नाही. "जुनं इंजिन कुठाय?"

ते दुकानामागं ताडपत्रीखाली होतं. गंजलेलं, कोंबड्यांनी घाण केलेलं.

"हे मला पाठवून द्या," बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली नाही. गर्दीत माझ्या खांद्याला धरून उभ्या असताना, आजूबाजूला लोक असताना, बाईंनी पहिल्यांदा आईबद्दल सांगितलं. निवृत्तीच्या वर्षीची गोष्ट. सकाळी दहाची वेळ. आईला दम लागला. बाईंनी फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली म्हणाले. नियमानं वाट बघायची म्हणून वाट बघितली. मग चौकात रिक्षा बघायला पळाल्या, परत आईजवळ आल्या, परत चौकात. सगळ्या रिक्षा शाळेच्या पोरांनी भरलेल्या. शेजाऱ्यांचा टेम्पो होता, पण तो आमच्याच फाटकासमोर बंद पडून उभा होता. चाळीस मिनिटं. आई दारातल्या खाटेवरच गेली.

"त्यानं काटा लाल झाल्यावरही पळवली," बाई म्हणाल्या. "मी उभी राहिले."

"तुम्ही उभ्या कुठं राहिलात? पळतच होतात की."

"चौकातनं फाटकापर्यंत," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

उन्हाळाभर ते इंजिन आमच्या अंगणात उघडं पडलं होतं. मौलाभाई रोज यायचे आणि बाई त्यांच्या शेजारी साडीचा पदर खोचून, हात काळे करून उभ्या. पहिले पंधरा दिवस इंजिन हलेनाच. आत डिझेल ओतून ठेवलं, लाकडी ठोकळ्यानं ठोकलं. शेवटी तिसऱ्या सिलिंडरातला पिस्टन सुटला, तेव्हा बाईंनी मला वरून हाक मारून बोलावलं. एका बाजूनं तो असा खरवडला होता की धातूच्या चिरा बोटाला लागत होत्या. "हा धरला," त्या म्हणाल्या. "बाकीचे तीन ओढत होते ह्याला." सिलिंडर आतून घासून, बोअर करून घेतले, पिस्टन नवे घातले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते इंजिन परत आपल्या गाडीत बसलं. नंबर बुकाशी जुळला. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बाईंनी कान लावला आणि मौलाभाईंना म्हणाल्या, "आता एकाच आवाजात बोलतेय." मौलाभाईंनी बाईंसमोरच मोकळेपणानं विडी पेटवली.

आता त्या थांबतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. फेऱ्या चालूच, मोडनिंबच्या खेपा चालूच, घड्याळात बघणंही चालूच. एकदा मी त्यांना विचारलं, "अजून काय राहिलंय बाई?" म्हणाल्या, "माहीत असतं तर बसले नसते का?"

त्यानंतर काही दिवसांनी आण्णा तपासणीला सोलापूरला आले, दत्ताबरोबर, आणि दवाखान्यातून थेट आमच्या दारात. त्यांना ते इंजिन बघायचं होतं. इंजिन गाडीत गेलं होतं, पण तो खरवडलेला पिस्टन बाईंनी त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो टॉवेलनं पुसला, अंगठ्यानं चिरा चाचपल्या, लेकाकडं एकदा बघितलं आणि परत दिला. "लई सोसलं म्हनायचं ह्यानं," एवढंच म्हणाले.

बाई म्हणाल्या, "एसटीनं कशाला जाता? मी सोडते."

आण्णा पुढं बसले, दत्ता आणि मी मागं. शहर सुटलं, बाळे मागं पडलं. गाडी छान चालली होती, बाईंची नजर सवयीनं घड्याळाकडं जात होती. चिंचोळीचा फाटा जवळ आला तसा दत्ता माझ्या शेजारी आकसला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"इथंच का?" बाईंनी विचारलं.

"हितंच," दत्ता म्हणाला.

बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू होतं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. टायरचं दुकान, उसाच्या रसाचा गाडा, शिफ्ट सुटलेल्या माणसांच्या सायकली. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून पुढं बघत होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा आवाज शाळेतल्या बाईंचा नव्हता.

"आण्णा, त्या वेळी गाडी थांबली. टेम्पो येईस्तोवर तुम्ही मागं एकटेच पडून होता. भ्यालात का हो?"

आण्णांनी आठवून बघितलं. घाई केली नाही.

"भ्या? न्हाय बा. डोळं मिटल्यालं हुतं, दिसत कायच नव्हतं. पर हे पोरगं हिकडनं तिकडं पळत हुतं, वरडत हुतं, त्ये ऐकू येत हुतं. आपल्यापायी कुनी तर पळतंय, एवडं कळत हुतं की. मानसाला तेवडं पुरतं, बाई."

बाईंनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मागून मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. एक ट्रक जोरात हॉर्न देत गेला, गाडी हलली. दत्तानं खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

"पळत होते मी," बाई म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

"आं?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही."

किती वेळ आम्ही तिथं उभे होतो, मला सांगता येणार नाही. घड्याळात कुणीच बघितलं नाही. नंतर आण्णांना रस प्यावासा वाटला, म्हणून आम्ही सगळे खाली उतरलो.